शहाण्णवच्या पुढं सत्त्याण्णव

दाजी,

तुमच्या दहाव्याला कावळा शिवेना, ही बातमी आधी तुम्हालाच सांगते. तुम्ही असतात तर हा किस्सा पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत आठवडाभर पुरवला असता आणि रोज तो कावळा थोडा थोडा मोठा झाला असता. आता तुम्हीच कावळ्याच्या बाजूला गेलात, म्हणून सांगायचं काम मेव्हणीवर आलंय.

नदीकाठी पिंड मांडला होता. दहीभात, शेजारी तुमच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी. कावळाही वेळेवर आला होता. समोरच्या बाभळीवर मान वाकडी करून ऐटीत बसला, पण खाली यायचं नाव घेईना. बायकांनी घाटावर यायचं नसतं असं म्हणणारे दोघंतिघं निघाले होते. आक्का त्यांच्याआधीच रिक्षात जाऊन बसली होती, त्यामुळे तो विषय तिथंच मिटला. मग आपल्याकडं चालतं ते सुरू झालं. गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलंय ते ओळखायचं आणि हात जोडून वचन द्यायचं. तुमचा लेक सुधाकर पुढं झाला. प्लॉटवर घर बांधतो दादा, पाटीवर तुमचं नाव लावतो, म्हणाला. कावळा ढिम्म. तुमचे दोस्त खंडेराव गार्ड डोळे पुसत म्हणाले, तुझी बॅटरी माझ्याकडंच राहिली, आज घरी आणून देतो. कावळ्यानं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि चोच बाभळीला घासली. म्हणजे बॅटरी तुम्हाला हवीच होती, पण तेवढ्यासाठी तुम्ही खाली येणार नव्हता.

मी गालातल्या गालात हसत होते. कारण मला ठाऊक होतं तुमचं काय राहिलंय. निदान तेव्हा तसं वाटत होतं. तुमचं-माझं पुस्तकाचं भांडण राहिलं होतं.

ते तुम्हाला पाठ आहे. तरी सांगते. दुसऱ्यांदा गोष्ट सांगणाऱ्याला तुम्ही कधी अडवलं नाही.

तुम्ही मालगाडीचे गार्ड. तुमच्या लोखंडी पेटीत लाल झेंडी, हिरवी झेंडी, कंदील, जेवणाचा डबा आणि तळाशी एक अद्भुत कादंबरी. राक्षस, जादूगार, बोलणारे घोडे, समुद्राखालची राज्यं. मीटरगेजच्या एकेरी मार्गावर समोरून गाडी येईपर्यंत मालगाडी तासन्‌तास उभी, आणि तुम्ही शेवटच्या डब्यात राक्षसाच्या गुहेत. मी सेलूच्या कन्याशाळेत बाई. मला खऱ्या माणसांच्या आठवणी लागायच्या. आई गेली, घर सुटलं, भाऊ परका झाला, असं काही छापलेलं असलं की मी दुपारभर रडायची आणि मग मला कडकडून भूक लागायची. तुम्ही मला चिडवायचात. "घरचं रडू घरात रडावं, मेव्हणीबाई. छापून कशाला वाटायलेत लोकं?" मी म्हणायची, पन्नाशीकडं निघालेला माणूस उडत्या घोड्यांची पुस्तकं वाचतो, हे रेल्वेला कळलं तर गाडी काढून घेतील तुमच्याकडून. आक्का आपल्या दोघांनाही एकच सांगायची, की आधी ताटं उचला.

सेलूच्या वाचनालयातून मी तुमच्यासाठी पुस्तकं आणायची. एकदा जिल्दसाज चाचांकडून नवी बांधणी होऊन आलेल्या पुस्तकांत हिरव्या कापडी जिल्दीचं एक होतं. नावाचं पान गळालेलं. चार ओळी चाळल्या, राजपुत्र दिसला, शाप दिसला. म्हटलं, हे दाजींचं. दिलं तुम्हाला आणि विसरले.

पुढचं तुम्ही तीन तऱ्हांनी सांगायचात, मी मधली तऱ्हा घेते. पेडगावला तुमची मालगाडी क्रॉसिंगला उभी होती. पुस्तकातल्या राजपुत्राला शाप होता, की तो ज्या दारात उभा राहील ते घर त्याला ओळखणार नाही. त्याचा स्वतःचा राजवाडासुद्धा नाही. त्यानं हाक मारायच्या आत कुणी आपणहून 'ये' म्हटलं, तरच सुटका. बिचारा घराघरांतून हिंडत शेवटच्या दारी आला. शहाण्णवाव्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं: त्यानं एकदा हाक मारली, आतून पावलं वाजली आणि. तुमची नजर समोरच्या पानावर गेली. सत्त्याण्णवाव्या पानावर पहिली ओळ: मामी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पाय धुऊन ये.

तुम्ही वाचतच गेलात. पुढं ड्रायव्हर शिट्ट्या मारून बेजार झाला. तुम्ही दचकून उठलात, हिरवी झेंडी सापडेना, म्हणून हिरवं पुस्तकच खिडकीबाहेर काढून हलवलंत आणि गाडी सुटली. खंडेराव म्हणतात यातलं काही झालं नाही. खंडेरावांवर विश्वास ठेवायला ते तुमच्याइतके चांगले सांगणारे आहेत कुठं?

पुढच्या रविवारी मी पूर्णेला आले तेव्हा तुम्ही ओट्यावर वाटच बघत होतात. असा लेखक जन्मात वाचला नाही म्हणालात. राजपुत्र मामाच्या घरी राहायला लागलाय, पण शापामुळं कुणी ओळखत नाही, म्हशी धुवायला लावलंय त्याला. मामी वाईट नाही, पण भाकरी वाढताना आधी स्वतःच्या लेकरांकडं बघते. तो दुसरी भाकरी मागत नाही, नुसता ताटाकडं बघत बसतो. आणि घरातले त्याला गमतीनं 'पाव्हणा' म्हणतात. मी विचारलं, जादू कुठंय यात? तुम्ही माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलंत. "आता दाखवत न्हाई, म्हंजे पुढं लय मोठी येनार हाय."

दाजी, ती मोठी जादू मला पुढच्याच महिन्यात सेलूत सापडली. दुसरं एक पुस्तक, तसंच हिरवं, तसंच बिननावाचं. सुरुवातीला एका माणसाच्या लहानपणीच्या खऱ्या आठवणी. आईचं दुखणं, आईचं जाणं, मामा न्यायला येतो. बैलगाडी मामाच्या गावात शिरते, शहाण्णवावं पान संपतं, आणि सत्त्याण्णवाव्या पानावर जादूगाराच्या दाढीला आग लागलेली. मी शाळेत गुरुजनांच्या खोलीत इतकी हसले की मुख्याध्यापिका पाणी घेऊन आल्या. चाचांनी दोन्ही पुस्तकं शिलाईसाठी सोडली असणार. वाऱ्यानं पानं मिसळली असणार. कागद तोच, आकार तोच. चाचांनी आकड्यांप्रमाणे पानं लावली आणि अर्ध्या राजपुत्राला अर्धी मामी जोडून दिली.

मी ते पुस्तक आणि तुमच्या पुस्तकाची हकीकत घेऊन चाचांकडं गेले. त्यांनी चष्मा लावून पानं पाहिली आणि मलाच विचारलं, "नंबर तो बराबर है ना बाई. फिर गल्ती कायकी?"

हे मी तुम्हाला सांगायलाच नको होतं. तुम्ही ते ब्रीदवाक्य करून टाकलंत. मी पॅसेंजर पकडून पूर्णेला धावत आले होते, एवढी मोठी गंमत सांगायला. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, दस्तीनं चष्मा पुसलात आणि म्हणालात, पुस्तक एकच आहे. शहाण्णवच्या पुढं सत्त्याण्णव लागतो. मालगाडीला मनमाडचे डबे, नांदेडचे डबे, कुठकुठले डबे लागतात. म्हणून काय त्या दोन गाड्या होतात? मी म्हटलं, दाजी, एका डब्यात राक्षस आणि दुसऱ्यात म्हैस, अशी गाडी कुणी पाहिली? तुम्ही म्हणालात, मालगाडी पाहिलीच नाही तुम्ही अजून.

मग मी माझ्या पिशवीतलं दुसरं पुस्तक काढून तुमच्यापुढं धरलं. म्हटलं, हे घ्या, यात तुमच्या मामाच्या घरातल्या पोराची सुरुवात आहे. वाचा आणि मग बोला. तुम्ही हात पुढं केला नाहीत.

"त्याची आई मरत असंल त्यात," तुम्ही म्हणालात. "ते मला ठाऊक हाय."

आक्का उठून चहा ठेवायला आत गेली. चुलीवर आधीचा चहा तसाच होता.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि तुमच्या लहानपणाचं तुमच्या तोंडून आम्ही ऐकलेलं ते पहिलं वाक्य होतं. तुम्ही मामाकडं वाढलात एवढं सगळ्यांना माहीत होतं, तेवढंच. त्या दिवशी मला एकदम दिसायला लागलं, जे इतकी वर्षं मी गंमत समजत होते. ड्यूटीवरून आल्यावर तुम्ही पेटी खाली ठेवून स्वतःच्याच दारात उभे राहायचात, खाकरायचात, आणि म्हणायचात, "येऊ का?" आक्का आतून म्हणायची, "या की." जेवताना दुसरी भाकरी घ्यायच्या आधी विचारायचात, "हाय का अजून?" टोपली भरलेली समोर दिसत असताना. आम्ही हसायचो. तुम्ही पण हसायचात. मी पुढं कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही. बरं झालं. तुम्ही सांगितलं असतंत तर मी रडले असते, आणि मग मला भूक लागली असती, आणि तुम्ही ते कॉलनीभर केलं असतंत.

वाचनालयानं दोन्ही पुस्तकं बाद केली. हिरवं एक तुमच्याकडं राहिलं, हिरवं एक माझ्याकडं. पण त्या जिल्दीनं आपल्या दोघांची गाडी रूळ बदलून पाठवली, हे कबूल करा. माझ्याकडच्या अर्ध्या राजपुत्रापायी मी अद्भुत कादंबऱ्या वाचायला लागले. एकदा जादूगाराच्या शेवटच्या लढाईत अशी अडकले की सेलू कधी गेलं कळलंच नाही. परतूरला उतरून परतीच्या गाडीची वाट बघत बसले, आणि तिथंही वाचतच बसले. आणि तुम्ही माझ्या कपाटातल्या आठवणींच्या पुस्तकांना हात घातलात. तुम्ही त्यांना 'शापाची पुस्तकं' म्हणायचात. नवीन आणलं की पहिला प्रश्न, ह्याला शाप कोणता? त्या वर्षांत, ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं होतं ती माणसं स्वतःचं जगणं लिहायला लागली होती. बाहेर नामांतरावरून बंद चाललेले, देवगाव फाट्यावर एसटी अडकलेल्या, गावागावांतून कानावर येणारं ऐकवत नव्हतं. तुम्ही एक तसं पुस्तक संपवलंत. मग म्हणालात, "ह्यांच्या शापात तर अख्खं गाव हाय, मेव्हणीबाई. मला निदान एकच घर हुतं." परवा विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला तेव्हा तुम्ही अंथरुणावर होतात. रेडिओ ऐकून म्हणालात, एवढी वर्षं गाडी आउटर सिग्नलला उभी ठेवली, शेवटी घेतली म्हणायची आत. तेवढं बोलून दमलात, तरी समाधानानं दमलात.

भांडण मात्र सुरूच राहिलं, कारण तुमच्या पुस्तकाचं शेवटचं पानच नव्हतं. दोनशे आठवर पोरगं मोठं होऊन मामाच्या गावी परत येतं, दारात उभं राहतं, आणि पुस्तक संपतं. तुम्हाला ते फार लागायचं. म्हणायचात, गाडी गेली तरी स्टेशनावरचा माणूस शेवटच्या डब्याचा दिवा बघितल्याशिवाय गाडी पूर्ण आली म्हणत नाही. मधेच तुटून राहिली असली तर? मी परभणी-नांदेडची दुकानं पालथी घातली. नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही. दुकानदाराला सांगायचं काय? ज्यात राजपुत्र म्हशी धुतो ते द्या? एकानं मला पाणी दिलं आणि सोबत कोण आलंय विचारलं.

मी म्हणायची, शाप तर सत्त्याण्णवाव्या पानावरच सुटला. मामी म्हणाली ना, पाय धुऊन ये. आत बोलावलं ना? तुम्ही वकिलासारखं बोट उचलायचात. "त्यानं आधी हाक मारली हुती. मोजायचं न्हाई ते." त्यावर आपण किती रविवार घालवले. आक्का कंटाळून म्हणायची, सोडवा रे त्या पोराला एकदाचं, आणि जेवायला बसा.

शेवटच्या भेटीत तुम्ही विचारलंत, पान सापडलं का. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, सापडलं. आणि उभं राहून सगळं करून दाखवलं. म्हातारी मामी कशी काठी टेकत येते, पोराच्या तोंडावरून कसा हात फिरवते, दोघं कशी रडतात. स्वतःवर इतकी खूश झाले की पदरानं डोळे टिपले. तुम्ही संपूर्ण ऐकलंत.

"पान नंबर?"

"दोनशे अकरा," मी म्हटलं.

"मग दोनशे नऊ आन्‌ धा कुठं गेले?"

तुम्ही इतके हसलात की सुधाकर धावत आला आणि मला रागावला. तुमचं ते हसणं माझ्याजवळ आहे, दाजी. ते मी कुठल्याही वाचनालयाला देणार नाही.

तर घाटावर, खंडेरावांची बॅटरीही नामंजूर झाल्यावर, मी पदर खोचून पुढं झाले. सगळ्यांनी वाट दिली. मी हात जोडले आणि भर घाटावर, गुरुजींच्या साक्षीनं म्हटलं, दाजी, मी हरले. पुस्तक एकच होतं. शहाण्णवच्या पुढं सत्त्याण्णव.

कावळ्यानं माझ्याकडं पाठ फिरवली. खोटी माघार तुम्हाला तिथूनही कळली.

ऊन चढायला लागलं. गुरुजी घड्याळाकडं बघायला लागले. दर्भाचा कावळा करून उरकू या असं कुणीतरी हळूच सुचवलं. सुधाकरचा चेहरा पडला. बाप काहीतरी मनात ठेवून गेला, हे त्याला जन्मभर वागवावं लागणार होतं. तेव्हा आक्का उठली. काही कबूल करायला नव्हती आली ती. तिनं हात जोडले नाहीत की डोळे मिटले नाहीत. घरातून ओट्याकडं बघावं तसं बाभळीकडं बघितलं.

"अहो, तिथं काय उभे राहिलात?" ती म्हणाली. "या की आत. जेवून घ्या. हाय अजून."

इतकी वर्षं आधी तुमचं "येऊ का" व्हायचं, मग तिचं "या की" व्हायचं. त्या दिवशी तुम्ही विचारलं नव्हतं.

कावळा उतरला, दाजी. घाईनं नाही. दोन उड्या मारून पिंडाजवळ आला, एकदा आक्काकडं पाहिलं आणि भाताला चोच लावली. खंडेराव लहान पोरासारखे रडायला लागले. सुधाकरनं आईचा हात धरला. मी हसत होते की रडत होते ते मला विचारू नका. घरी गेल्यावर मला भूक मात्र लागली.

भात संपला तरी कावळा जाईना. आक्कानं डब्यातून आणखी एक मूठ काढली. गुरुजी म्हणाले, बाई, एकदा शिवला की झालं, दुसऱ्यांदा वाढायची रीत नाही. आक्का म्हणाली, "त्यांना एक कधीच पुरलं नाही. नुसतं मागायचे नाहीत." आणि दुसरा घास ठेवला. तुम्ही तोही घेतलात, चटणीसकट.

आता तुमचं हिरवं पुस्तक आक्काच्या उशाशी आहे आणि माझं सेलूत. दोन्ही एकत्र आणून चाचांच्या मुलाकडून नीट लावून घ्यावीत असं मी म्हटलं, तर आक्का म्हणाली, राहू दे, नंबर बरोबर आहेत. म्हणजे तुम्ही गेलात आणि तुमचा पक्ष वाढला. आता ती दर रविवारी तुमच्या राजपुत्राला घेऊन बसते, आणि दोनशे आठ आलं की पुस्तक मिटून दार उघडून बघते, कुणी आलंय का.

मी मात्र तुम्हाला सांगून ठेवते. घाटावरचं माझं बोलणं धरू नका. पुस्तकं दोनच होती, दाजी. पटत नसेल तर भांडायला या. आक्का दार उघडं ठेवते, तेव्हा दारात उभं राहून विचारायचं नाही.